ध्रुवावरून की वळशानं

हेलसिंकीपासून टोकियो किती लांब, हे मार्युक्का तेर्वोनेनला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. सरळ रेषेत सात हजार आठशे किलोमीटर. पूर्वी साडेनऊ तास, रशियाचं आकाश बंद झाल्यापासून तेरा. विमानानं उत्तर ध्रुवावरून जायचं की दक्षिणेला कझाकस्तानवरून वळसा घालायचा, हे वाऱ्याचे आकडे पाहून ठरवणं तिचं काम. अठ्ठावीस वर्षं तिच्या हिशेबाला कुणी नावं ठेवली नव्हती.

मग तिच्या साहेबानं, वेइयो रांताकोक्कोनं, घात केला. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यानं फोनवर सांगितलं, "टोकियोच्या विमानात दोन टन इंधन कमी कर. उगाच ओझं कशाला?" तिनं केलं. लेखी मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं, अशा माणसांत ती वाढलेली. समोरचा वारा वाढला आणि विमानाला इंधनासाठी अलास्कात उतरावं लागलं. चौकशीत वेइयोनं सरळ कानांवर हात ठेवले. इंधनाच्या कागदावर सही तिची होती. तिला देशातल्याच ओउलू गावच्या तासाभराच्या फेऱ्यांवर बसवलं. तिथं काय ठरवायचं, कपाळ? दीड वर्ष ती दातओठ खात बसली. माणसं कमी पडली तेव्हा तिला परत बोलावलं, पण ती आत शिरली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली बघा अलास्का."

या मार्चात वेइयो निवृत्त झाला. कंपनीनं त्याला टोकियोचं तिकीट दिलं. ध्रुवावरून जाणाऱ्याला विमानात प्रमाणपत्र मिळतं. रोज दुसऱ्यांना तिकडून पाठवणारा हा गडी स्वतः कधी गेला नव्हता. नातवंडांपासून सौनात वाफ घेणाऱ्या दोस्तांपर्यंत सगळ्यांना ध्रुवाचं सांगून बसला होता.

दुपारी त्याचा फोन आला. "मार्युक्का, आज उत्तरेनंच ना?"

"अजून ठरवलं नाही."

"अगं, म्हाताऱ्यासाठी एवढं कर. थोडी मिनिटं इकडेतिकडे, काय बिघडतं?"

"नव्या साहेबाला पत्र लिही. इंधन कुणी कमी करायला लावलं ते. मग उत्तरेचं बघते."

"आता कशाला ते उकरून काढतेस? मी सुटलो त्यातून."

"तू सुटलास. मला अजून सात वर्षं इथं तोंड दाखवायचंय."

"लिहिलं तर नक्की?"

"बघते म्हटलं ना."

वीस मिनिटांत पत्र गेलं, प्रत तिलाही आली. 'इंधन कमी करायला मी सांगितलं होतं. मार्युक्काची चूक नव्हती. चौकशीत मी खोटं बोललो.' तिनं ते तीनदा वाचलं.

मग कबूल केल्याप्रमाणे तिनं उत्तरेचं बघितलं. उत्तरेनं तेरा तास पंचवीस मिनिटं, दक्षिणेनं बारा एकोणपन्नास. हे तिला सकाळी आठलाच ठाऊक होतं. तिनं दक्षिणेचा मार्ग वैमानिकाकडे धाडला.

विमानात मार्गाची घोषणा झाली तसा, दार लागायच्या आधी वेइयो फोनवर किंचाळला, "बाई, फसवलंस मला!"

"उत्तरेला वारा साथीला नव्हता रे. खिडकीपाशी बसलायस ना? मग कझाकस्तान बघ."

तिनं फोन ठेवला आणि त्याचं पत्र खात्यातल्या एकूण एक माणसाला पाठवून दिलं.