इंगळे मिस्त्री आणि दोन ॲम्प्लिफायर

इंगळे मिस्त्री कोणतेही यंत्र उघडण्याआधी त्याचा वास घेत. ॲम्प्लिफायरच्या मागच्या जाळीला नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ट्रान्सफार्मर बरा हाय. कंडेन्सर गेला." उघडल्यावर तेच निघे. इतरांना कौतुक वाटे. मला संशय येई, की बिघाड यांना आधीच कसा ठाऊक असतो?

अमरावतीत आमचा हौशी वाद्यवृंद होता. मी शाळेत गणित शिकवी, संध्याकाळी हवाईयन गिटार वाजवी आणि वाद्यवृंदाचा चिटणीसही होतो. गिटारीसाठी मिस्त्रींनी पन्नासच्या दशकात एक ॲम्प्लिफायर बांधून दिला होता. सागवानी पेटी, मोडीत निघालेल्या सिनेमायंत्राचा ट्रान्सफॉर्मर आणि दिव्यांसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह. खटका दाबला तरी तो लगेच बोलत नसे. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस होत, पेटी तापे, मग सूर येई. पण काय भरीव! तार कितीही जोरात छेडली तरी तो फाटत नसे, नुसता फुगत जाई.

"तापू तं द्या त्याले, मास्तर," मिस्त्री म्हणत. "तुमी तरी झोपेतून उठल्याबरोबर गाता काय?"

दुरुस्तीला ते अकोल्याहून एसटीने येत. पेटी उघडताना मात्र आमच्याकडे पाठ करून बसत. कोणी डोकावले की खेकसत, "मांगं सरा! बंद असलं तरी चावते ते." बंद यंत्र चावते कसे? मला ती थाप वाटे. बंद यंत्रातही वीज साठून राहते, हे मला फार पुढे कळले. शिवाय निकामी झालेले व्हॉल्व्ह ते चिंध्यांत गुंडाळून स्वतःच्या पिशवीत टाकत. आमचा तबलजी एकदा हसत म्हणाला, "मास्तर, आपले चांगले व्हॉल्व्ह अकोल्यात विकून तं नाही राहिला हा?" त्याने थट्टा केली होती. मी ती मनात धरली.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. गिटारीचा सूर पातळ वाटू लागला. मिस्त्री येणार त्याच्या आदल्या दिवशी मी चारही व्हॉल्व्हच्या काचेवर लाल शाईचा एकेक ठिपका दिला. वह्या तपासायची तीच शाई. मिस्त्री आले, वास घेतला, एक सैल जोड डागला आणि यंत्र दुपारभर चालू ठेवून ऐकत बसले. "व्हॉल्व्ह ठीक हायेत," म्हणाले. संध्याकाळी सगळे जमल्यावर मी मागची जाळी काढली. एकाही काचेवर ठिपका नव्हता.

"मिस्त्री, आमचे व्हॉल्व्ह कुठे आहेत?"

"हे काय, हेच तं हायेत."

"त्यांच्यावर मी शाईची खूण केली होती."

त्यांनी वाकून काचा पाहिल्या. मग म्हणाले, "जळाली असन शाई. हात लावून पाहा, चटका बसते का नाही."

"वा! काचेवरची शाई जळते म्हणे!" मी म्हणालो आणि सगळे हसले. कोणीतरी त्यांची पिशवी उलटी केली. पक्कड, डाग द्यायची कांडी आणि भाकरीचा डबा खाली पडला. तबलजी म्हणाला, "दुपारीच पोचवले असतीन कुठं." मिस्त्रींनी सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. "हे बी पाहून घ्या," एवढेच बोलले. मग एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली आणि गेले.

महिन्याभरात आम्ही मुंबईहून ट्रान्झिस्टरचा नवा ॲम्प्लिफायर आणला. एका हाताने उचलावा इतका हलका, खटका दाबताच बोलणारा. आवाज स्वच्छ होता, पण जोर दिला की चरचरे. जुना विकायचे ठरले. अचलपूरचा एक बँडवाला दोन्ही ऐकायला आला. त्याच्यावरही माझा विश्वास नव्हताच. मी आधीच दोन्ही यंत्रांत आतून लाल ठिपके देऊन ठेवले. तासदीड तास मी आलटून पालटून वाजवले. तो खुर्चीवरून उठलाही नाही. तो गेल्यावर जाळ्या काढल्या. नव्या, थंड यंत्रात ठिपका जसाच्या तसा. जुन्यातल्या चारही काचा कोऱ्या.

पुढच्याच रविवारी मी अकोल्याला गेलो. कापूसबाजाराच्या मागे मिस्त्रींची टपरी होती. अमरावतीची गोष्ट माझ्या आधी तिथे पोचली होती. एक गिऱ्हाईक आपल्या रेडिओवर आणि मिस्त्रींच्या हातांवर नजर रोखून उभे होते. मिस्त्री आता पेटी लोकांकडे तोंड करून उघडत.

गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळे सांगितले. माफी मागितली. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "हे मले काहून सांगून राहिले, मास्तर? मले तं मालूमच होतं. त्याईले सांगा ना."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितले नाही. पुढच्या बैठकीत विषय तोंडाशी आला, तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "मास्तरांच्या नजरेतून काही सुटत नाही." मी गप्प बसलो. त्यानंतर दर बैठकीत ते अधिकच अवघड होत गेले. दोनेक वर्षांत मिस्त्रींनी टपरी बंद केली. ते वारल्याचे मला सहा महिन्यांनी कळले.

त्या संध्याकाळी खोलीत आम्ही अकरा जण होतो. बाकीचे दहा आता नाहीत. त्यांना सांगायला हवे होते ते तुम्हाला सांगतो आहे: इंगळे मिस्त्रींनी आमचा एकही व्हॉल्व्ह बदलला नव्हता.