झेंडूची माळ घातलेला सर्व्हर
सुकलेल्या झेंडूचा वास आला की महाडच्या ऑफिसातला जुना सर्व्हर आठवतो. दसऱ्याची माळ पावसाळ्यातही त्याच्यावर होती. बाहेर सावित्री नदी चढत होती आणि इंटरनेटवरचं आमचं पाणीपातळीचं पान नदीकाठच्या दासगावात मंद नेटवर्कमुळे मोबाइलवर उघडत नव्हतं. पान दाबून हलकं करणारं नवं मॉड्यूल, म्हणजे जोड-प्रोग्राम, तो जुना सर्व्हर घेईना. मॉड्यूलची जुनी आवृत्ती शोधून बसवली, तरी पान जडच. मॉड्यूल लागू व्हायला आता सर्व्हर बंद करून चालू करणंच उरलं होतं. "मी नोकरीला लागल्यापासून ह्याला कोणी बंद नाय केला, साहेब. परत उठला नाय तर?" शिपाईमामा म्हणाले. मी बटणावरचं बोट मागे घेतलं. मग त्यांनीच माळेला हात लावून कपाळाला नेला. "बायको दासगावात हाय. दाबा." मी बटण दाबलं; सर्व्हर बंद झाला आणि घरघरत परत उठला. बऱ्याच वेळाने मामांना तिचा फोन आला: पान उघडलं, सामान माळ्यावर चढवतेय. आज माझे भाड्याचे सर्व्हर कुठे असतात तेही ठाऊक नसतं, पण बंद करून चालू केले की ते परत उठेपर्यंत मी अजूनही उभाच असतो.