तांबडीतली लग्नपत्रिका

जेवण अंगावर आलंय. आरामखुर्चीत मी नुसते डोळे मिटलेत, झोपणार नाहीये. बाहेर शेडमध्ये माझा मुलगा श्रीरंग तांबडीची, ह्यांच्या लाल गाडीची, चावी फिरवतोय. खर्रर्र, खर्रर्र. इंजिन फिरतं, पण धरत नाही. हे गेले त्याला वर्ष झालं, तेव्हापासून तिनं तोंड उघडलेलं नाही. आज संध्याकाळपर्यंत सुरू झाली नाही तर भंगारवाल्याची क्रेन तिला नेणार, आणि तसं मीच कबूल करून बसलेय.

खर्रर्र लांब जातं, मग एकदम जवळ येतं. आता चावी माझ्याच हातात आहे. तांबडी बैठकीच्या खोलीत उभी आहे, एक चाक दिवाणावर. बॉनेट वर केलेलं. त्याच्यामागून आवाज येतो.

"मार सेल."

आवाज ह्यांचाच. जन्मभर माझं हेच काम. शर्यतीची जुनी गाडी, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, आणि दर रविवारी रुसलेली. हे बॉनेटमध्ये डोकं घालणार आणि मी चावी फिरवून सेल मारणार. मला दिसायचे ते बॉनेटखालच्या फटीतून दोन काळे हात. त्या हातांशीच मी संसार केला म्हटलं तरी चालेल.

"अहो, तोंड तरी दाखवा," मी म्हणते.

"आधी गाडी. प्लग काढून बघितला?"

"श्रीरंगनं काढला. ओला आहे, पेट्रोलचा वास येतोय."

"म्हणजे पेट्रोल पोचतंय. ठिणगी न्हाई."

"बॅटरी नवी घातली त्यानं. कॉइल पण नवी."

"सगळं नवं घातलं, जुनं कुणी बघितलंच न्हाई. पॉइंट उघडले का?"

पॉइंट म्हणजे एका टोपीखाली दडलेली दोन बारीक टोकं. ती मिटतात, उघडतात, त्यावर ठिणगी पडते. त्यांच्यातली फट मोजायला दुकानात पट्टी मिळते, पण ह्यांच्या हाती एकदा आमची लग्नपत्रिका लागली. म्हणे, जाडी नेमकी आहे. तेव्हापासून पॉइंट पुसायचे असोत की फट बघायची असो, पत्रिकेची एक पट्टी कापायची आणि आत सरकवायची. आधी कार्यालयाचा पत्ता गेला, मग मुहूर्त, मग माझ्या माहेरची सगळी मंडळी. मी चिडले की म्हणायचे, "आपली नावं कापत न्हाई की." जशी काही मेहेरबानीच.

खोलीला आता भिंती नाहीत. पन्हाळ्याचा चढ आहे, वळणावर तांबडी बंद पडलीय आणि माझ्या अंगावर लग्नातला शालू आहे.

"आज तू इकडं ये," हे म्हणतात. "सेल मी मारतो."

मी उतरते. बॉनेटला वळसा घालते तोवर हे पलीकडून जाऊन माझ्या जागी बसलेत. पुन्हा मध्ये बॉनेट. फटीतून त्यांचे हात दिसतात, स्टिअरिंगवर ठेवलेले, स्वच्छ धुतलेले. इतके स्वच्छ मी ते कधी पाहिले नव्हते. मला रडू येतं.

"रडतीस काय? टोपी काढ. आत बघ."

"पट्टी आहे. तशीच आत राहिलीय."

"त्या दिवशी पॉइंट पुसत होतो. तू हाक मारलीस, ताट वाढलंय म्हणून. म्हटलं, जेवून येऊन काढू."

त्या दिवशी हे ताटावरून उठलेच नाहीत.

"मला सांगायचं तरी," मी म्हणते.

"आता सांगतोय की. पट्टी मधे असली तर टोकं मिटणार कशी आणि ठिणगी पडणार कशी? वढ."

मी ओढते. पट्टी सुटून हातात येते.

"या की समोर. मी तुमचा चेहरा विसरत चाललेय."

हात जरा हलतात.

"फटीतनं बघून बघून संसार केलास. आता कसं विसरशील?"

खाली हॉर्न वाजतो आणि मी जागी होते. ऊन खुर्चीच्या पायाशी आलंय. फाटकात क्रेन उभी आहे. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, ती मी तशीच ठेवून शेडमध्ये जाते.

श्रीरंग पाने-पक्कड आवरतोय. "आई, राहू दे आता. माणसं आलीत."

"बस आत. मार सेल."

"अगं, पण..."

"एकदा."

तो बसतो. मी बॉनेटपाशी उभी राहते, ह्यांच्या जागी. खर्रर्र होतं, आणि तांबडी धरते. शेडचे पत्रे थरथरायला लागतात.

"काय केलंस तू?" श्रीरंग आतून ओरडतो.

मी मूठ उघडते. तेलानं पिवळी पडलेली पट्टी आहे. पत्रिकेचा उरलेला तुकडा कपाटात आहे आणि त्यावर माझं नाव शाबूत आहे, ते मी दिवसकार्य झाल्यावर पाहिलं होतं. त्याच्या शेजारची जागा रिकामी का, ते तेव्हा कळलं नव्हतं. कापायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पट्टीवर छापलंय, चि. उदाजी.

हे नाव मी आजवर फक्त उखाण्यात घेतलं. आता ते मोठ्यानं वाचते. इंजिनच्या आवाजात श्रीरंगला ऐकू जात नाही, म्हणून पुन्हा एकदा घेते.