कोऱ्या कागदावरची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—नवऱ्यालाही नाही. टीव्हीवर क्षेपणास्त्रांची चर्चा लागली की मी चॅनल बदलते. “तुला एवढा कसला राग येतो?” तो विचारतो. येतोच राग. कोट घातलेली माणसं जगाची काळजी वाहतात, अमक्या देशाने तमक्याला तंत्रज्ञान चोरून दिलं म्हणतात. चोरून? अहो, ते दिवसाढवळ्या जातं, शिक्के मारून—आमच्यासारख्यांच्या टेबलावरून!

मी सीवूड्सला राहते, निर्यातीची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात काम करते. तिथले म्हात्रेदादा बंदराजवळच्या जासई गावचे. माल तपासून डिक्लरेशनवर सही करायचा अधिकार त्यांचा. पण दिवसभर ते कंटेनर यार्डात—म्हणून सह्या केलेले कोरे लेटरहेड माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायचे. या धंद्यात बरेच जण असंच करतात. विश्वासावर.

एकदा एक भट्टी आली. कागदोपत्री बेकरीची. दादांनी तिचं माहितीपत्रक वाचलं आणि माझ्या टेबलावर आपटलं. “दोन हजार डिग्रीला कंचा पाव भाजतान गो? मिसाइलचे पार्ट बनतान यात. आदी सरकारची परवानगी आना. मी सही करनार नाय.”

दादा यार्डात गेल्यावर साहेब माझ्यापाशी आले. “जहाज उद्या आहे. कागद आजच पाहिजेत.” बस्स, एवढंच म्हणाले. माझा हात कुणी पिरगळला होता का? नाही. मी ड्रॉवर उघडला.

परदेशातल्या बंदरात तो माल पकडला गेला. आमच्याकडे चौकशी आली. साहेब नामानिराळे—कागदावर सही कुणाची? दादांची, अस्सल. अधिकाऱ्यांसमोर दादा माझ्याकडे वळले. “ताय, तू व्हतीस ना तवा? सांग यांना, मी नाय बोललो व्हतो ना?”

त्यांच्या आवाजात धास्ती नव्हती. मी खरं बोलेन याची त्यांना खात्रीच होती. ती खात्री आठवली की आजही माझं डोकं फिरतं—स्वतःवरच.

मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

दादांचा बंदरात काम करायचा पास कायमचा रद्द झाला. ज्या एका माणसाने ती भट्टी अडवू पाहिली, तोच बंदराबाहेर! आणि मी? मी अजून त्याच ऑफिसात आहे. बढतीसुद्धा घेतली.

मला सगळं आठवत होतं. सही दादांचीच होती. ‘मी स्वतः माल तपासला असून तो बेकरीसाठीच आहे’—हे तिच्या वरचं वाक्य मी टाईप केलं होतं. स्पेलिंग दोनदा तपासून.