मामंजींचा डावा डोळा

माझ्या सासऱ्यांना स्वतःचा चेहरा फार आवडायचा. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास मी लग्न होऊन मिरजगावला आले, तेव्हा ओसरीतल्या फळीवर त्यांचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता. हातभर उंच, फेट्यासकट आणि पांढराफटक. आठवडी बाजारात आलेल्या एका मूर्तिकाराला घरी ठेवून, जेवू घालून त्यांनी तो करून घेतला होता. सासूबाई त्याला ‘पिठातला माणूस’ म्हणायच्या आणि झाडताना त्याच्या नाकावर फडकं जरा जास्तच जोरात मारायच्या.

मला नगरला जाऊन ड्रॉइंग टीचरचा कोर्स करायचा होता. नवऱ्याने हात वर केले, “वडलांना विचार.” मी विचारलं. मामंजींनी मिशी कुरवाळली, पुतळ्याकडे बोट दाखवलं.

“आधी ह्याला रंगव. हुबेहूब मी दिसलो पायजे. दिसलो तर जा नगरला. न्हाई दिसलो तर भाकरी थापायला इथं चूल हायेच.”

मी मनातल्या मनात बॅग भरली. माझ्या माहेरी गणपतीचा कारखाना, रंगात वाढलेली पोर मी! प्लास्टर रंग पितं, म्हणून आधी जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. वाळल्यावर पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, थेंबभर लाल घालून असा गुळगुळीत, गुलाबी अंगरंग चढवला की माझी मीच खूश. सासूबाईंना हाक मारली.

त्या पदराला हात पुसत आल्या आणि दारातच थबकल्या.

“अगं बया! सोंड लावायची ऱ्हायली की!”

दुपारपर्यंत शेजारच्या तीन घरांतून बायका दर्शन घेऊन गेल्या. एकीने तर चक्क हात जोडले. चूक माझी होती. मी जन्मभर देवच रंगवले होते. देव उन्हात नांगर धरत नाहीत, त्यांना सुरकुत्या पडत नाहीत, आणि ते सकाळी दाढी करत नाहीत.

मग मामंजींनाच समोर बसवलं. ते छाती फुगवून, श्वास रोखून बसले. “मामंजी, पुतळा तो आहे, तुम्ही नाही,” असं सांगावं लागलं. नीट पाहिलं तर माणूस एका रंगाचा नसतोच. फेट्याखालचं कपाळ उजळ, नाकाचा शेंडा तांब्यासारखा, गाल मातकट, दाढीची जागा निळसर. गुलाबी रंग खरवडून काढला. सगळीकडे तपकिरी दिला. तो वाळल्यावर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला काळपट रंग फासला आणि लगेच चिंधीने पुसला. वरचा निघून गेला, सुरकुत्यांतला राहिला. मग जवळजवळ कोरडा ब्रश घेऊन नाक, गालाची हाडं, भुवया, जिथे जिथे ऊन पडतं तिथे उजळ रंग नुसता घासला. बघता बघता पिठातला माणूस शेतातून घरी आला.

फक्त त्याला डोळे नव्हते.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. आमच्या कारखान्यात डोळे फक्त वडील आखायचे. अंघोळ करून, दार लावून घेऊन, मूर्तीला नमस्कार करून. आम्ही पोरी पीतांबर आणि उंदीर रंगवणाऱ्या. डोळा मी आयुष्यात काढलाच नव्हता.

आठ दिवस गेले. मामंजी जाता-येता विचारायचे, “सूनबाई, मला अजून दिसत कसं न्हाई?” मी म्हणायची, “रंग वाळतोय.” शेवटी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

“भ्यायलीस व्हय गं?”

मी मान डोलावली.

“त्यात काय भ्यायचं? हे डोळं मला पाठ हायेत. डावा उजव्यापेक्षा बारीक हाय. खोटं बोलायचं असलं की अजून बारीक व्हतो. लगीन ठरवायला आले तवा म्हनले, मी तंबाखू खात न्हाई. तवाच वळखलं.”

मी अंघोळ करून आले. नमस्कार सासूबाईंना केला. बुबुळाभोवतीचा भाग निव्वळ पांढरा न ठेवता त्यात जरा पिवळट, जरा तांबूस मिसळलं. बुबुळाचा वरचा काठ पापणीखाली घातला, नाहीतर माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. डावी पापणी किंचित खाली ओढली. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला उजेडाचा एकेक ठिपका दिला.

मामंजी आले. पुतळ्यासमोर उभे राहिले. वाकून त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. मला वाटलं, चुलीशीच गाठ आहे आता.

“हा डावा डोळा तुला कोनी सांगितला?”

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “का? तुमचा न्हाई का?”

“छ्या!” मामंजी म्हणाले, “माझे दोन्ही डोळे सारखे हायेत.” आणि हे म्हणताना त्यांचा डावा डोळा इतका बारीक झाला की मी, सासूबाई आणि दाराआडचा माझा नवरा, तिघेही हसत सुटलो. मामंजींनी थोडा वेळ राग धरून पाहिला, पण मिशी आधी हलली.

पुढच्या सोमवारी ते मला घेऊन नगरच्या एसटीत बसले. मांडीवर जुन्या धोतरात गुंडाळलेला पुतळा. कोर्सच्या शाळेत दाखवायला न्यायचा म्हणे, उगाच कोणी प्रवेशाला नाही म्हणायला नको. मिरजगाव मागे पडायच्या आत त्यांनी ते गुंडाळलेलं धोतर सोडलं, पुतळ्याचं तोंड शेजारच्या प्रवाशाकडे वळवलं आणि आपलंही तोंड पुतळ्याच्या तोंडाशेजारी नेलं.

“सुनेनं रंगवलाय. वळखा बरं, खरा कोनता?”

आणि त्या प्रवाशाची पंचाईत होऊ नये म्हणून, डावा डोळा आपणहून बारीक केला.