कांतीशेठची निळी

काल सकाळी कांतीशेठ गेले.
आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी सगळ्यांच्या आधी पोचले.

असं लिहिलेलं त्यांना आवडलं असतं, म्हणून लिहिलं. बाकीच्यांनी रागावू नका.

मंचरच्या बाजारात त्यांचं पाइप-फिटिंगचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठच्या तोंडात 'लई' आणि 'न्हाई' आमच्या महाळुंगे पडवळ गावच्या लोकांपेक्षा जास्त.

एकदम निवांत माणूस. पाइप वळवायचा एक एल्बो काढून देईपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा होऊन जायचा. घाई फक्त एकाच गोष्टीची, सूर्यास्ताच्या आत जेवायची. जैन माणूस, तो नेम कधी मोडला नाही.

आणि वेडही एकच. वडिलांनी घेतलेली जुनी गाडी. सगळं मंचर तिला 'शेठची निळी' म्हणायचं. रविवारी ती डिंभ्याच्या रस्त्याला दिसायची. कधी धावताना, कधी बॉनेट उघडून.

आमची ओळख घाटातली. म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवरची. यात्रा असली की मी कडेला कॅमेरा घेऊन उभी. लोक म्हणायचे, पोरीचं इथं काय काम?

शेठ पुढच्या रांगेतून ओरडायचे, "ओ पावणं, सरका की! कॅमेऱ्याम्होरं काय उभं ऱ्हायलाय!"

माझ्या वडिलांना, आप्पांना, मात्र हे पटत नव्हतं. लग्नाचे फोटो काढ, घाटातली धूळ खाणं आता बास, हे त्यांचं रोजचं. माझा कॅमेरा कपाटात जाणार हे जवळपास ठरलंच होतं.

मग एक दिवस शेठ घरी आले. शहराबाहेरच्या एका मोटर ट्रॅकवर जुन्या गाड्यांची रेस होती आणि त्यात निळी उतरणार होती.

"आप्पा, माझी गाडी पळणार. फोटो काढायला मानूस नको का?"

"शेठ, तिथं मोठमोठे फोटोग्राफर आसतील की."

"आसतील. पर निळीला वळखनारं कोन हाय त्यांच्यात?"

आप्पांनी कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जा. पर ही शेवटची."

तो शब्द डोक्यात घेऊनच मी ट्रॅकवर गेले.

काय तो थाट! चकचकीत गाड्या, हातमोजे घातलेले मालक, हातभर लांब लेन्स लावलेले फोटोग्राफर. मी आपला एक कोपरा धरला.

शेठ मात्र घाटातच आल्यासारखे. स्टार्टच्या आधी त्यांनी खिशातून पुडी काढली आणि यात्रेतला भंडारा मूठभर बॉनेटवर उधळला. उरलेला कपाळाला फासला. वाऱ्याने निम्मा शेजारच्या पांढऱ्या गाडीवर.

पिवळा लोट बघून ट्रॅकवरचा एक माणूस आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन पळत आला.

"सर, बाहेर या! इंजिन पेटलंय!"

"आवो राव, आग न्हाई, भंडारा हाय! पहिल्या बारीला लागतोच."

"काय लागतो?"

गाडा एकदा घाटातून पळाला की ती एक बारी, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तेवढ्यात दुसरा सिलिंडरवाला आला. शेठनी दोघांच्याही कपाळाला भंडारा लावला, तेव्हा कुठे निळी सुटली.

मी आजूबाजूचे करत होते तसंच करायला गेले. ताठ उभी राहून, शटर एकदम फास्ट ठेवून धडाधड फोटो काढले. सगळे शार्प. पहिली फेरी संपवून निळी थांबली, तेव्हा शेठनी उतरून कॅमेऱ्याची स्क्रीन बघितली.

"पोरी, ही उभी वाटती गं. बाजारात लावल्यावानी."

खरंच होतं. चाकं जागच्या जागी गोठलेली.

"घाटात आशी काठीवानी ऱ्हातीस व्हय? बैलांसंगं आख्खी वळतीस तू. हितं कोनाला लाजलीस?"

लाजलेच होते.

पुढच्या फेरीला शटर स्लो केलं. पाय रोवले. निळी वळणावर आली तसं तोंडातल्या तोंडात, बैल सुटले की घाटात घुमतं ते 'भिर्रर्र' म्हटलं आणि कमरेतून तिच्याबरोबर वळले.

एक फोटो मिळाला.

ट्रॅक, माणसं, टायरांची भिंत, सगळ्याच्या नुसत्या रेघा. चाकं गरगर फिरतायत. आणि मधोमध शेठ, स्वच्छ. कपाळ पिवळं, तोंड उघडं. तेही 'भिर्रर्र'च म्हणत होते!

रेसमध्ये शेठचा नंबर शेवटून पहिला. त्याचं काही नाही. "चल पटकन, दिवस बुडायच्या आत डबा खायचाय."

घरी आप्पांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "निळी एवढी पळती व्हय?"

आणि मग हळूच, "म्होरली शर्यत कधी हाय?"

कॅमेरा कपाटात गेला नाही. आज घाटातही मी आहे आणि ट्रॅकवरही. हे सगळं शेठमुळे. कितीदा त्यांना थँक्यू म्हटलं असेल, दरवेळी एकच उत्तर, "बरं बरं, तो एल्बो दे हिकडं."

काल दुपारी शेठचा मुलगा महेंद्र आणि मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. चौकात लावायला फोटो तोच निवडला होता.

फ्लेक्सवाला म्हणाला, "ताई, मागचं सगळं हललंय. चाकं पण. शार्प करून मागं ढग टाकू का?"

मी काही बोलायच्या आत महेंद्रच बोलला.

"नको. उभी वाटंल."

आम्ही दोघं तिथेच हसलो, आणि हसता हसता रडलो.

चौकातून जाताना बघा. चाकं फिरतायत.

कांतीशेठ, मनापासून श्रद्धांजली, आणि थँक्यू. या वेळी एल्बो मागू नका.
सूर्यास्ताला अजून अवकाश आहे. सावकाश जा.