घोषणाबाई आणि चांगले डास

संशोधन केंद्रात नोकरीला लागण्याआधी ती बस स्थानकावर घोषणा करायची, म्हणून वस्तीत तिचं नाव पडलं घोषणाबाई. ठेवणाऱ्यांनी ते चिडवायला ठेवलं होतं, पण पठ्ठीनं ते असं मिरवलं की चिडवणारेच गार पडले. त्या काचेच्या खोलीत बसून ती दोन गोष्टी शिकली होती. गर्दीत माणूस फक्त आपल्या गाडीचं नाव ऐकतो, बाकी सगळं डोक्यावरून जातं. आणि गाडी रद्द झाली असेल तर ते सगळ्यात आधी सांगायचं, उगाच गोड बोलत बसायचं नाही. नाहीतर लोक सामान घेऊन ताटकळतात आणि मग शिव्या देतात, आणि बरोबरच आहे त्यांचं!

केंद्रात डासांवर आणि डासांमुळे येणाऱ्या तापांवर संशोधन चालायचं. शास्त्रज्ञ जे शोधून काढतील ते साध्या माणसांना समजेल असं सांगायचं, हे हिचं काम. त्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. लिहिलेलं वाक्य आधी सासूबाईंना ऐकवायचं. सासूबाई लसूण सोलता सोलता ऐकायच्या आणि नळावर, जिन्यात, वाण्याच्या दुकानात ते सोडून यायच्या. मग घोषणाबाई वाट बघायची. कुणाच्या तरी तोंडून वाक्य फिरून परत यायचंच. धड आलं तर पत्रकात, मीठमसाला लागून आलं तर फाडून नवीन.

“सूनबाई, चकाट्या पिटायचा पगार मला चालू कर,” सासूबाई म्हणायच्या. गंमत म्हणजे त्या खोटं एक अक्षर घालायच्या नाहीत. घालायचे ते बाकीचे.

आता झालं असं, की केंद्राला वस्तीत डासच सोडायचे होते. केंद्रातले डासवाले डॉक्टर हे समजावून सांगायला दोन चहा घ्यायचे, पण गोष्ट अशी होती. या डासांच्या अंगात एक जंतू असतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण तो असला की डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. मादीकडून तो जंतू तिच्या अंड्यांत जातो, आणि हळूहळू वस्तीतले सगळे डास तसलेच होत जातात. त्यासाठी अंड्यांचे छोटे डबे घरोघरी ठेवायचे. वस्तीनं हो म्हटलं तरच.

“डास मारायचे सोडून डास सोडणार? डोकं फिरलंय का तुमच्या डॉक्टरांचं?” सासूबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. वाक्य परत आलं तेव्हा तर त्याचं पार भूत झालं होतं. केंद्रवाले म्हणे ताप भरलेले डास आणून सोडणार!

मग घोषणाबाईला दोन शब्द सुचले. चांगले डास. काय चालले म्हणता! पोरं ओरडत फिरायला लागली, वाणी गिऱ्हाइकांना सांगायला लागला. डॉक्टर तर हरखूनच गेले. “इतकी वर्षं मी घसा कोरडा करतोय, आणि बाई, तुम्ही दोन शब्दांत काम केलंत!” फलक छापून आले, सभा ठरली.

सभेला थोडेच दिवस होते. सासूबाई बाहेरून आल्या आणि पायरीवरच बसल्या.

“कोपऱ्यावरच्या शिलाईवालीनं खिडकीची जाळी काढली गं,” त्या म्हणाल्या.

शिलाईवालीची मोठी मुलगी डेंग्यूनं गेली होती. त्यानंतर त्या बाईनं घरातल्या एकूण एक खिडकीला स्वतः जाळी शिवून लावली होती, चारही बाजूंनी दुमडून, टीप मारून. धाकटी त्या जाळीआड वाढत होती. ती जाळी काढते म्हणजे काय!

“म्हणाली, आता चांगले डास येणार, ते चावत नाहीत. धाकटीला जरा वारा तरी लागेल.”

घोषणाबाईनं हातातलं काम टाकलं. ती पायांत चपला सरकवून तशीच निघाली. शिलाईवाली मशीनवर बसली होती, मागे उघडी खिडकी.

“ताई, आधी जाळी लावा. चूक माझी आहे.”

“म्हणजे चावणार ते?”

“चावणार.”

“मग चांगले कसले हो?” शिलाईवालीनं हातातलं कापड खाली ठेवलं. “माझी एक गेलीय. तुम्हाला शब्द सापडतात, माझं काय? या आता. सभेत बघते मी.”

आणि तिचा नकार म्हणजे साऱ्या वस्तीचा नकार. त्या आईच्या तोंडावर हो म्हणायची कुणाची छाती होती?

डॉक्टरांना सांगितल्यावर ते उसळलेच. “आत्ता कुठे लोक हो म्हणायला लागलेत! आणि आपण खोटं तर बोललो नाही ना?”

“नाही. पण तिनं जे ऐकलं ते खोटं होतं, साहेब. आणि ते ऐकवलं मी.”

“नाही म्हणाले तर आपलं काम इथंच संपलं, कळतंय ना?”

“कळतंय. पण ती जाळी काढून बसली होती हो!”

डॉक्टरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग उठले आणि व्हरांड्यातला ‘चांगले डास’चा फलक त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला. माणूस लांबण लावणारा होता, पण मनानं खोटा नव्हता.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. शिलाईवाली धाकटीला घेऊन पुढेच बसली होती. घोषणाबाई उठली. आवाज बस स्थानकावरचाच, खणखणीत.

“आधी वाईट बातमी सांगते. हे डास चावणार. सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्तच दिसतील. फरक लगेच पडणार नाही, वेळ लागेल, आणि शंभर टक्के हमी कुणीच देत नाही. तोवर जाळी काढायची नाही, पाणी उघडं ठेवायचं नाही. चांगले डास हे शब्द माझे होते. ते मी मागे घेते.”

“मग घ्यायचे कशाला हे डास? पाळायला?” मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला.

“चावले तरी त्यांच्यामुळे डेंग्यू पसरणं कमी होतं, म्हणून.”

शिलाईवाली उभी राहिली आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

“माझ्या मोठीच्या वेळी का नाही सोडलेत?”

घोषणाबाईनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर उठले. आता हे तासभर बोलणार, असं सगळ्यांना वाटलं.

“तेव्हा आम्हाला हे जमत नव्हतं,” ते म्हणाले आणि खाली बसले.

शिलाईवालीनं धाकटीचा हात धरला आणि ती निघून गेली. तिच्यामागे एकेक खुर्ची रिकामी होत गेली. बघू, एवढंच जाता जाता लोक म्हणाले. त्या रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या आवरताना घोषणाबाईला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नळावरून कळशी न भरताच परत आल्या.

“सूनबाई, तुझं वाक्य परत आलंय. शिलाईवालीकडून. नळावर सगळ्यांना सांगत होती. चावतील, पण ताप पसरणं कमी होईल. लगेच नाही. हमी नाही. तोवर जाळी काढायची नाही. एक अक्षर इकडचं तिकडे नाही बघ!”

घोषणाबाई धावतच कोपऱ्यावर गेली. खिडकीला जाळी परत लागली होती, या वेळी दुहेरी टीप मारून. बाहेरच्या बाजूला, जाळीच्या खाली, खिळ्याला एक नवी कापडी पिशवी टांगली होती. एक डबा मावेल एवढीच.

“पहिला डबा इथं ठेवा,” शिलाईवाली आतून म्हणाली. तिनं मशीन थांबवलं नव्हतं. “मोठी या खिडकीशी झोपायची.”